मुलींचा खेळ आठवीत का थांबतो आणि गावाने त्यासाठी काय करावे

ताई, तुमचा प्रश्न मी थोडक्यात असा समजले आहे. खानापूर तालुक्यातील तुमच्या गावात सातवीपर्यंतची मराठी शाळा आहे, शाळेमागे बऱ्यापैकी मोठा माळ आहे आणि तेथे रोज संध्याकाळी मुलांचे क्रिकेट चालते. परंतु सातवी झालेली एकही मुलगी त्या माळावर पुन्हा दिसत नाही. बायकांसाठी काही सुरू करू म्हटले, तर दिवसभर शेतात राबून वर खेळ कसला, असे घरोघरी ऐकावे लागते. ग्रामपंचायत सदस्य म्हणून तुमच्या हाती थोडा निधी आहे आणि तो आधी मैदानावर खर्च करावा, साहित्यावर करावा की प्रशिक्षकावर, हे तुम्हाला ठरवायचे आहे. मी बेळगाव तालुक्यातील मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये अनेक वर्षे शारीरिक शिक्षण शिकवले आणि मुलींचे खो-खो व कबड्डीचे संघ बांधले. त्या अनुभवावरून माझे स्पष्ट मत असे आहे की, या तिन्हींच्या आधी मुलींचा ठरलेला एक तास आणि खेळ संपल्यावर उजेडात घरी पोहोचण्याची सोय, या दोन गोष्टी पक्क्या कराव्यात. त्या नसतील तर उत्तम मैदानही मुलांच्याच उपयोगाला येते.

मुलींना खेळ आवडत नाही, असे मला एकाही गावात आढळले नाही. चौथी-पाचवीची मुलगी मधल्या सुट्टीत लंगडी, लगोरी आणि खो-खो मुलांच्या बरोबरीने खेळते. आपल्याकडे बहुतेक खेड्यांत शाळा सातवीपर्यंत आणि हायस्कूल आठवीपासून असल्यामुळे ज्या वर्षी मुलीचे शरीर बदलू लागते आणि तिची पाळी सुरू होते, त्याच सुमारास तिची शाळाही गावाबाहेर जाते. सकाळी ती पाणी भरून, भांडी घासून बसथांब्यावर येते. हायस्कूल साडेचारच्या सुमारास सुटते. बस चुकली तर पुढची कधी येईल याचा भरवसा नसतो, म्हणून शाळेतील सरावाला ती थांबू शकत नाही. आणि गावात परत येते तेव्हा माळावर मोठ्या मुलांचा खेळ रंगलेला असतो व घरी चुलीपुढे आई तिची वाट पाहत असते. नोव्हेंबर-डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणजे तिच्या हाती खेळण्यासाठी उजेडातील अर्धा तासही उरत नाही. तिला कोणी खेळू नकोस असे म्हटलेले नसते. दिवसाची मांडणीच अशी होते की खेळ त्यातून आपोआप गळून पडतो, आणि दोन वर्षांनी आपणच म्हणू लागतो की मुलींना मैदानाची आवड राहिलेली नाही.

म्हणून हायस्कूलच्या मुलींसाठी पहिला प्रयत्न गावात करू नका, तो त्यांच्या शाळेत करा. मुख्याध्यापकांना आणि शाळेच्या एसडीएमसीला, म्हणजे शाळा विकास व देखरेख समितीला, भेटून आठवी ते दहावीच्या मुलींचे शारीरिक शिक्षणाचे तास शेवटच्या तासिकेला लागून ठेवता येतील का, हे विचारा. वेळापत्रकात एवढा बदल झाला तरी बस न चुकवता आठवड्यातून दोन-तीन वेळा खरा सराव होतो. दहावीच्या वर्गात हे तास बहुधा गणित-विज्ञानाच्या जादा तासिकांना दिले जातात. तेथे मात्र पालकांनीच आग्रह धरला पाहिजे, कारण शिक्षकाला निकालाची चिंता असते आणि त्याच्यावर एकट्याने रोष ओढवून घेण्याची वेळ आणू नये. दुसरा मार्ग बसचा आहे. ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेमुळे कर्नाटक राज्याच्या साध्या बसमधून मुलींना व स्त्रियांना भाडे पडत नाही, त्यामुळे तालुक्याच्या गावी सरावाला किंवा स्पर्धेला जाण्याचा खर्च ही पूर्वीची मोठी अडचण दूर झाली आहे. आता अडचण वेळेची आहे. संध्याकाळची फेरी अर्धा-पाऊण तास पुढे सरकवावी, असा अर्ज चार-पाच गावांच्या पंचायतींनी मिळून डेपो मॅनेजरकडे दिला, तर त्याला एकट्या पालकाच्या विनंतीपेक्षा कितीतरी अधिक वजन येते.

गावातील माळाबाबत थोडे सविस्तर लिहिते, कारण बहुतेक प्रयत्न येथेच फसतात. स्त्रियांसाठी वेगळे मैदान मागण्याचा मोह होतो. तो टाळावा, असे मला वाटते. वेगळी जागा म्हटली की पंचायत गायरानाच्या टोकाची, वस्तीपासून दूरची जागा दाखवते, तेथे उजेड नसतो, येण्याजाण्याची वर्दळ नसते, आणि कोणतीही आई आपल्या मुलीला तेथे पाठवत नाही. काही महिन्यांत तिथे गवत वाढते आणि मुलींना दिलेली जागाही त्या वापरत नाहीत, असा उलटा ठपका येतो. त्यापेक्षा गावाच्या मधल्या, सर्वांच्या नजरेसमोरच्या माळावरच आठवड्यातील तीन दिवस ठरावीक एक तास मागावा. शाळकरी मुलींसाठी रविवारी सकाळी सात ते नऊ यांमधील तास मला सर्वांत उपयोगी वाटला आहे, आणि गावातीलच शाळेत शिकणाऱ्या लहान मुलींसाठी शाळा सुटल्यावर लगेचचा तास.

हा तास ग्रामसभेत मागण्यापूर्वी क्रिकेट खेळणाऱ्या मुलांशी आणि युवक मंडळाशी बोला. त्यांना न विचारता ठराव केला तर ते तो उघडपणे मोडत नाहीत, परंतु मुलींच्या वेळी कडेला गाड्या लावून बसतात, आणि तेवढ्यानेच मुली यायच्या थांबतात. उलट त्यांच्या प्रमुखांना आधी विश्वासात घेतले, मैदान आखण्याचे काम त्यांच्याकडे सोपवले आणि त्यांच्या स्पर्धेच्या दिवसांत मुलींचा तास शाळेच्या आवारात हलवण्याची तयारी दाखवली, तर हीच मुले पुढे त्या तासात अडथळा आणणाऱ्या इतरांना अडवतात. त्यानंतर ग्रामसभेत ठराव करून घ्यावा आणि त्यात वार, वेळ व जागा स्पष्ट लिहावी. ठराव कन्नडमध्ये लिहिला जातो. पीडीओंना, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांना, विनंती करून तो सभेतच मराठीतून वाचून घ्या, म्हणजे समोर बसलेल्या बायकांना आपल्याला नेमके काय मिळाले ते कळेल, आणि त्याची प्रत शाळेच्या फलकावर लावा. राज्यातील ग्रामपंचायतींत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. तुमच्या पंचायतीतील सर्व महिला सदस्य त्या दिवशी एकत्र बोलल्या, तर हा विषय एका सदस्याचा हट्ट म्हणून बाजूला टाकता येणार नाही. महिला ग्रामसभा तर आहेच, शिवाय नोव्हेंबरच्या आसपास होणारी मुलांची ग्रामसभा, म्हणजे मक्कळ ग्रामसभा, आपल्याकडे बरेचदा भाषणे आणि खाऊ यांतच उरकली जाते. तेथे मुलींनी स्वतः उभे राहून मैदानाचा तास मागावा. मुलीने सर्वांसमोर मागितलेली गोष्ट नाकारणे गावातील वडीलधाऱ्यांना जड जाते, हे मी पाहिले आहे.

त्या तासाला मैदानावर एक जाणती, गावाच्या ओळखीची स्त्री असलीच पाहिजे. ती खेळाडू असण्याची गरज नाही. अंगणवाडी सेविका आणि आशा यांच्यावर आधीच कामाचा भार असतो, म्हणून मी शक्यतो कधीकाळी शाळेच्या संघात खेळलेली एखादी सून किंवा पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, शिकणारी मुलगी शोधते आणि तिला महिन्याला थोडे मानधन द्यायला सांगते. तिने हजेरीची वही ठेवावी, कोणती मुलगी कोणत्या वाडीची आहे हे माहीत करून घ्यावे, आणि खेळ संपल्यावर एकेका वाडीच्या मुलींना गटाने घरी पाठवावे. तुमच्या भागात वस्त्या विखुरलेल्या आहेत, वाटेवर रान आहे, अस्वल आणि गव्यांचे भय खरे आहे. त्यामुळे आईची काळजी ही जुन्या विचारांची खूण समजून तिच्याशी वाद घालू नये. मुलगी किती वाजता आणि कोणाबरोबर परत येईल, याचे नेमके उत्तर तिला द्यावे. प्रशिक्षक पुरुष असला तरी चालतो, अनेक चांगले प्रशिक्षक पुरुषच आहेत. परंतु तो कोणत्याही मुलीबरोबर एकटा राहणार नाही, मालिश किंवा मोजमाप करणार नाही, आणि स्पर्धेच्या प्रवासात स्त्री सोबत असेल, हे नियम पहिल्याच दिवशी सर्व पालकांसमोर सांगावेत. अठरा वर्षांखालील मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळल्यास ते पोलिसांना कळवणे २०१२ च्या पोक्सो कायद्याने बंधनकारक आहे, आणि १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक प्रत्येक मुलीला पाठ असावा. मुलींचे खेळतानाचे फोटो गावाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नयेत. एका फोटोवरच्या वाईट शेऱ्यामुळे संपूर्ण संघ घरी बसल्याचे मी पाहिले आहे.

काय खेळावे, हा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. खो-खोचे मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद असते, आणि जमिनीपासून १२० ते १२५ सेंटिमीटर उंचीचे दोन लाकडी खांब गावचा सुतार करून देतो. स्त्रियांच्या कबड्डीला १२ मीटर बाय ८ मीटर एवढीच जागा लागते, परंतु जमीन खणून, खडे वेचून भुसभुशीत केल्याशिवाय मुलींना त्यावर उतरवू नये. आपल्याकडील शाळांत मुलींचा थ्रोबॉल लोकप्रिय आहे आणि त्यात अंगाला अंग लागत नसल्याने संकोच असणाऱ्या घरांतील मुली तेथून सुरुवात करतात. माझी स्वतःची पसंती खो-खोला आहे. त्यात एका वेळी पुष्कळ मुली सामावतात, साहित्य जवळजवळ लागत नाही, आणि दम, चपळाई व एकमेकींवरचा भरवसा तिन्ही वाढतात. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेला पहिला खो-खो विश्वचषक भारतीय महिला संघाने नेपाळला हरवून जिंकला, आणि त्या संघात आपल्याच राज्यातील म्हैसूर जिल्ह्याची चैत्रा बी. होती, हे मुलींना जरूर सांगा. कुस्तीबद्दल तुम्ही विचारलेले नाही, तरी लिहिते: आपल्या भागात कुस्तीची एवढी परंपरा असूनही अनेक जुन्या तालमींत मुलींना मातीत उतरू दिले जात नाही. त्यावरून गावात तंटा उभा करण्यापेक्षा शाळेच्या खोलीत गादी टाकून कुस्ती किंवा ज्युदो सुरू करणे अधिक फलदायी ठरते.

जून ते सप्टेंबर तुमच्याकडे मैदान वापरता येणार नाही. या चार महिन्यांत तास बंद पडला तर तो ऑक्टोबरमध्ये पुन्हा सुरू होत नाही, म्हणून पावसाळ्यासाठी देवळाचा सभामंडप, समाजमंदिर किंवा शाळेची मोठी खोली आधीच मागून ठेवावी आणि तेथे दोरीउड्या, सूर्यनमस्कार, लेझीम असे काही चालू ठेवावे. वार आणि वेळ मात्र तीच असावी.

मुलींच्या शरीराबद्दल गावात उघड बोलले जात नाही, पण घरात मुलीला थांबवताना नेमकी तीच भीती असते, म्हणून ते बोलणे तुम्हाला करावे लागेल. धावल्या-उडी मारल्याने पुढे मूल होण्यास अडचण येते, या समजुतीला वैद्यकीय आधार नाही. कौमार्याबद्दलची भीती याहून दबक्या आवाजात बोलली जाते; तिलाही आधार नाही, कारण शरीराच्या तशा कोणत्याही खुणेवरून मुलीबद्दल काहीही ठरवता येत नाही. हे प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांनी किंवा परिचारिकेने फक्त आया आणि आज्यांच्या बैठकीत सांगितले तर पटते. आज्यांना विसरू नका. मुलीला मैदानावर पाठवायचे की नाही, हे अनेक घरांत त्याच ठरवतात. पाळीच्या दिवसांत खेळण्यास हरकत नसते, परंतु ज्या मुलीला दुखते तिने बसावे आणि जिला खेळायचे तिने खेळावे, निर्णय तिचा असावा. त्यासाठी मैदानाजवळ आतून कडी लागणारे, पाणी असलेले शौचालय हवे, आणि शुचि योजनेतील पॅड शाळेत खरोखर वाटले जातात का, याकडे सदस्य म्हणून तुम्ही लक्ष ठेवावे. पोशाखाची सक्ती सुरुवातीला नको. सलवार-कमीज घालून, ओढणी घरी ठेवून आलेली मुलगी सहा महिन्यांनी स्वतःच ट्रॅक पँट मागते. मात्र खेळासाठीची नीट बसणारी अंतर्वस्त्रे ही गरज आहे, आणि ती नसल्याने कित्येक मुली धावण्याचे टाळतात. आयांशी हे खाजगीत बोलावे.

रक्तक्षय हा मला सर्वांत गंभीर प्रश्न वाटतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुली रक्तक्षयी आढळल्या. अशी मुलगी दोन फेऱ्यांत धापा टाकते, आणि आपण तिला आळशी म्हणतो. नवीन गट सुरू करताना सर्व मुलींचे हिमोग्लोबिन आरोग्य केंद्रात तपासून घ्यावे. ते १२ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने उपचार सुरू करावेत आणि तिचा सराव हळूहळू वाढवावा. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी मुली मळमळीच्या भीतीने टाकून देतात. ती जेवणानंतर, शिक्षिकेसमोर घेतली तर हा प्रकार थांबतो. दुपारच्या आहाराबरोबर मिळणारे अंडे किंवा केळे कोणत्या मुली घेत नाहीत, तेही पाहावे. आणखी एक गोष्ट प्रशिक्षकाने शिकून घ्यावी: वयात आलेल्या मुलींमध्ये गुडघ्याचे अस्थिबंध तुटण्याचा धोका मुलांपेक्षा अधिक असतो, आणि रोज दहा-पंधरा मिनिटे बैठका, एका पायावर तोल आणि उडीनंतर गुडघे वाकवून हळुवार उतरण्याचा सराव केल्यास तो बराच कमी होतो.

आता बायकांविषयी. दिवसभर शेतात राबून वर खेळ कसला, हा प्रश्न त्या थट्टेने विचारत नाहीत, त्याला उत्तर दिले पाहिजे. भाताची रोप लावणी दिवसभर वाकून होते. त्यात त्याच त्या सांध्यांवर ताण येतो आणि विश्रांती मिळत नाही, त्यामुळे कष्ट होतात पण शरीर सर्वांगाने बळकट होत नाही. प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. शेतकरी बाईची मिनिटे भरतात, पण पाठ, खांदे आणि मांड्या यांना ताकद देणारा व्यायाम राहून जातो. निपाणीकडील विड्या वळणाऱ्या आणि बेळगावात वडगावच्या मागांवर काम करणाऱ्या स्त्रियांची अडचण वेगळी आहे, त्यांना तासन्‌तास एका जागी बसावे किंवा उभे राहावे लागते, आणि त्यांना चालण्याचीच अधिक गरज असते. तरीही बायकांना आरोग्याचे व्याख्यान देऊन बोलावू नका. त्या हसण्याखेळण्यासाठी येतील, आणि त्यांनी त्यासाठीच यावे. स्त्रीशक्ती संघाची, म्हणजे बायकांच्या बचत गटाची, आठवड्याची बैठक ही घरातून बाहेर पडण्याची सर्वमान्य सवड आहे. त्या बैठकीला जोडून अर्धा तास शाळेच्या आवारात रस्सीखेच, लंगडी, झिम्मा आणि शेवटी पाठीचे ताण द्यावेत. पंचमीला माहेरी आल्यावर झोके आणि फुगड्या घालणाऱ्या याच बायका आहेत. खेळ त्यांना नवा नाही, सासरी त्याला जागा नसते. लावणीच्या आणि सुगीच्या दिवसांत हा तास बिनधास्त बंद ठेवावा, आणि पुन्हा कधी सुरू होणार ती तारीख आधीच सांगावी.

ज्या मुली खरोखर पुढे जाऊ शकतात, त्यांच्याबाबत माहिती वेळेवर न पोहोचणे हे मोठे नुकसान आहे. युवा सबलीकरण आणि क्रीडा खात्याच्या वसतिगृहांची निवड चाचणी, दसरा क्रीडास्पर्धा आणि शालेय स्पर्धांची पत्रके कन्नडमध्ये येतात, आणि मराठी माध्यमाच्या पालकांपर्यंत ती बहुधा मुदत संपल्यावर पोहोचतात. तालुक्याचे शारीरिक शिक्षण अधिकारी आणि जिल्हा क्रीडा कार्यालय यांच्याकडे महिन्यातून एकदा चौकशी करण्याचे काम एखाद्या कन्नड चांगले येणाऱ्या मुलीकडे द्यावे, आणि तिने पत्रकाचा मराठी सारांश पालकांना पाठवावा. आपल्या बेळगाव तालुक्यातील तुरमुरीची मलप्रभा जाधव ज्युदोतून कुराश या मध्य आशियाई कुस्तीप्रकाराकडे वळली आणि २०१८ च्या जकार्ता आशियाई क्रीडास्पर्धेत ५२ किलो वजनगटात तिने कांस्यपदक मिळवले. तिचे उदाहरण पालकांच्या बैठकीत एकदा सांगावे. रोज सांगू नये. पदकाची भाषा सतत ऐकली की सामान्य ताकदीच्या मुली आपण उगाच जागा अडवतो असे समजून निघून जातात, आणि तुमचा तास खरे तर त्यांच्यासाठीच आहे.

पैशाचे उत्तर आता देता येईल. पहिल्या वर्षी तुमचा निधी मानधन, शौचालयाची कडी व पाणी, प्रथमोपचाराची पेटी, दोन खांब, दोऱ्या, थ्रोबॉलचे दोन चेंडू व जाळी आणि आखणीचा चुना यांवर खर्च करा. गणवेश आणि चषक यांना हात लावू नका. माळ सपाट करण्याचे काम पंचायतीच्या निधीतून करू नये. राज्यात अनेक शाळांची मैदाने रोजगार हमीच्या कामातून झाली आहेत, त्यामुळे सध्याच्या नियमांत ते कसे बसवता येईल हे पीडीओंना विचारून पुढील वर्षाच्या आराखड्यात घाला. सुरुवात सुगी आटोपल्यावर, संक्रांतीनंतरच्या पहिल्या रविवारी करा. तेव्हापासून काजूचा हंगाम भरात येईपर्यंत दोन महिने मिळतात, दिवस मोठा होत जातो, आणि या काळात पंधरा-वीस मुली नियमित आल्या तर मार्चमध्ये हजेरीची वही घेऊन तुम्हाला पंचायतीपुढे मानधनाची रक्कम वाढवून मागता येईल.